दुसऱ्या टप्प्यातली माणसं

प्रिय चिऊ,

काल तुझा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. तुमची कंपनी एका नगरपालिकेचं पोर्टल करते आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, दिव्यांगांच्या योजना, सगळं एका जागी. त्याच्या टेस्टिंगच्या टीममध्ये तुला घेतलंय हे ऐकून मला किती आनंद झाला ते तुझ्या मामीला विचार. जेवण होईपर्यंत मी तिला तेच सांगत होतो. पण मी जेव्हा विचारलं, "स्क्रीन रीडरवर चालेल ना गं?" तेव्हा तू सहज म्हणालीस, "ते फेज टूला आहे मामा. आधी गो-लाइव्ह होऊ दे."

तुझा त्यात दोष नाही. मीटिंगमध्ये जे ठरलं ते तू मला सांगितलंस. पण बँकेत पस्तीस वर्षं मी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. माणूस काय बोलतो त्याच्या आधी तो कसा बोलतो ते मला ऐकू येतं. रंगकाम दिवाळीनंतर करू असं कुणी म्हणावं, तशा आवाजात तू ते बोललीस. म्हणून हे पत्र. मासिकाकडे पाठवतो आहे, कारण अशी पोर्टलं बनवणारी तुझ्या वयाची मुलंमुली पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांना मामा असतोच असं नाही. असला तरी तो बोलेल याची खात्री नाही. मीही आजवर बोललो नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी एका सरकारी सवलतीचा अर्ज भरायचा होता. तो फक्त ऑनलाइन. मी म्हटलं, उत्तम, आपल्या घरी, आपल्या संगणकावर, आपल्या हातांनी भरू. पान उघडलं आणि टॅब दाबत गेलो. मला दिसत नाही, पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर मोठ्याने वाचून दाखवतो. तो बोलला, "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक." असे अकरा रकाने. प्रत्येकाच्या डोक्यावर काय हवं ते लिहिलेलं असणार, नाव, आडनाव, वॉर्ड, उत्पन्न. पण ते शब्द नुसते शेजारी ठेवलेले होते, रकान्याला आतून बांधलेले नव्हते. बघणाऱ्याला जवळ असलेलं एकमेकांचं वाटतं. माझ्या स्क्रीन रीडरला जवळ-लांब कळत नाही, त्याला कोडमध्ये बांधलेली गाठ लागते. अंदाजाने भरत गेलो. जन्मतारखेला एक कॅलेंडर होतं, ते माउसशिवाय उघडेना. कुणाला तरी बोलावून तेवढं करून घेतलं, तर शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखण्याचं चित्र आलं, आवाजाचा पर्याय नसलेलं. आणि मी ते चाचपडत असतानाच वेळ संपला, सगळं पुसून पहिल्या पानावर.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानातला मुलगा चांगला होता. गर्दी होती, मशीनचा आवाज होता, म्हणून तो मोठ्याने विचारत होता. "काका, वर्षाचं उत्पन्न किती? अपंगत्व किती टक्के? जन्मापासून की नंतर? खातं नंबर सांगा." मी तितक्याच मोठ्याने उत्तरं देत होतो. मग ओटीपी आला आणि माझ्या फोनने तो नेहमीसारखा खणखणीत वाचून दाखवला, सगळ्या दुकानाला. मागून एक बाई हळू म्हणाल्या, "बिचारे." चिऊ, मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. कुणाचं कर्ज थकलं, कुणाच्या घरात वाटण्या चालल्यात, यातलं कानावर पडलेलं कधी घरी मामीलासुद्धा सांगितलं नाही. त्या माणसाला आपलं उत्पन्न आणि आपलं खातं चौकात ओरडून सांगावं लागलं. घरी आलो आणि कुणाशीच बोललो नाही.

हे जी गाठ नसल्यामुळे झालं, ती बांधायला कितीसा वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तू विचारशील, कायदा नाही का? आहे. आणि तो तुझ्या वरिष्ठांना माहीत असण्याइतका जुना आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 साली झाला, भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली. त्याच्या नवव्या कलमात इमारती आणि रस्त्यांच्या बरोबरीने माहिती-तंत्रज्ञानाचं नाव आहे. 2009 साली केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. मधल्या काळात 1995 चा जुना अपंग कायदा जाऊन 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. जुन्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. नव्या कायद्याच्या 46 व्या कलमाने सेवा देणाऱ्या प्रत्येकाला, सरकारी असो की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम 15 जून 2017 ला निघाले. म्हणजे मुदत 2019 च्या जूनमध्येच संपली. तुमची ‘फेज टू’ कधी आहे म्हणालीस?

मानकही आहे, तेही आपलं स्वतःचं. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17802, पहिला भाग 2021 चा, दुसरा 2022 चा. ते युरोपच्या मानकावर बेतलेलं आहे, आणि त्या दोन्हींच्या मुळाशी डब्ल्यूसीएजी ही नियमावली आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेची. तिची पहिली आवृत्ती 1999 ची, तुझ्या जन्माच्याही आधीची. 2018 च्या आवृत्तीत ‘ए’ आणि ‘डबल ए’ या दोन पातळ्या मिळून पन्नास कसोट्या आहेत. पन्नास आकड्याला घाबरू नकोस. माझ्या त्या एका अर्जात जे घडलं, बिननावाचे रकाने, माउसशिवाय न उघडणारं कॅलेंडर, पर्याय नसलेलं चित्र, न सांगता संपणारा वेळ, त्यातल्या प्रत्येकावर त्यात बोट ठेवलेलं आहे. ती वाचताना मला वाटलं, हे लिहिणारा कुणीतरी माझ्या शेजारी बसून माझी फजिती ऐकत होता.

मग एवढं सगळं असून मी झेरॉक्सच्या दुकानात का गेलो? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात मला मिळालं. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 मध्ये याचिका केली होती, सार्वजनिक जागा आणि रस्ते अपंगांना वापरता यावेत म्हणून. त्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालयाने नियमांमधलं पंधराव्या नियमाचं पहिलं पोटकलम रद्द केलं. कारण ऐकण्यासारखं आहे. मूळ कायदा म्हणतो ‘केलंच पाहिजे’, आणि त्याखाली काढलेला नियम ज्या कागदांकडे बोट दाखवत होता ते म्हणत होते ‘करावं, केल्यास बरं’. आईने पोराला अभ्यास करच असं सांगावं आणि मावशीने हळूच म्हणावं, जमलं तर कर हो, असा प्रकार. सक्तीचं काय आणि सल्ल्याचं काय हे वेगळं करून तीन महिन्यांत नवे नियम करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. आणि पुढे असंही सांगितलं की जे पाळणार नाहीत त्यांना परिणाम भोगावे लागले पाहिजेत. दंड तर आहेच, कायद्याच्या 89 व्या कलमात पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि नंतर पन्नास हजार ते पाच लाख. पण त्याबरोबर पूर्णत्वाचा दाखला अडवून धरण्याचाही उल्लेख आहे.

पूर्णत्वाचा दाखला. हे शब्द मी स्क्रीन रीडरला मागे नेऊन तीनदा ऐकले. दंड नंतर होतो, कधी होतो, बहुतेकदा होत नाही. दाखला अडला की बिल अडतं, आणि बिल अडलं की त्याच आठवड्यात रकान्यांना नावं मिळतात. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतंच.

अमेरिकेत नेमकं हेच घडलं, म्हणून तिकडची गोष्ट सांगतो. त्यांच्या 1973 च्या पुनर्वसन कायद्यात 1986 साली कलम 508 घातलं गेलं, सरकारी कार्यालयांतली इलेक्ट्रॉनिक साधनं अपंगांना वापरता यावीत म्हणून. हेतू चांगला, पण अंमलबजावणीला दात नव्हते. बारा वर्षं ते कागदावर राहिलं. 1998 मध्ये ते नव्याने लिहिलं. या वेळी ते थेट खरेदीला बांधलं. केंद्र सरकारचं खातं जी संगणक-साधनं घेईल, बनवील किंवा वापरील ती मानकात बसली पाहिजेत, आणि बसत नसतील तर त्या खात्यावर तक्रार करता येईल. 2001 च्या जूनपासून ते लागू झालं. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हटल्यावर मोठमोठ्या कंपन्या आपल्या वस्तूंचा अहवाल स्वतःहून देऊ लागल्या, कोणती कसोटी पुरी होते, कोणती होत नाही. त्याच वस्तू मग आपल्याकडेही आल्या. तुझ्या ऑफिसातल्या संगणकात स्क्रीन रीडर आधीपासून बसवलेला मिळतो, त्यात त्या कलमाचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. तिकडची माणसं काही आपल्यापेक्षा कनवाळू नव्हती. अट फक्त खरेदीच्या कागदावर आली, पैसे देण्याच्या आधी.

आता तुझ्या पोर्टलबद्दल. यातल्या काही गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण मराठी पोर्टलांवर त्या पुष्कळदा चुकतात.

पहिली, भाषेची खूण. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये वर ‘लँग’ म्हणून एक जागा असते, तिथे मराठीसाठी ‘एमआर’ लिहायचं. पुष्कळ मराठी पानांवर तिथे ‘ईएन’ असतं, कारण साचा कुठूनतरी आणलेला असतो. मग माझा संगणक मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतो. तो आवाज कधी सगळी ओळ गाळून नुसते आकडे वाचतो, कधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो. ‘एचआय’ लिहिलेलं असेल तर हिंदी आवाज येतो. त्याला ‘चहा’तला च येतो, ‘चमचा’तला येत नाही. ‘ळ’पाशी तो अडखळतो. अर्थ लागतो, पण एक पान ऐकलं की दमायला होतं. सगळं मराठी परक्या तोंडातून ऐकायचं आणि मनातल्या मनात दुरुस्त करत जायचं. दोन अक्षरं बदलायची आहेत, चिऊ.

दुसरी, पीडीएफ. नगरपालिकेचा माणूस तुम्हाला सूचना आणि परिपत्रकं देईल ती बहुधा सही-शिक्क्याच्या कागदाची स्कॅन केलेली चित्रं असतील. तुला ती वाचता येतील. मला संगणक सांगेल, पान रिकामं आहे. अपंगांसाठीच काढलेल्या एका योजनेचं परिपत्रक मी असं ‘रिकामं’ ऐकलं आहे. आणि जिथे अक्षरं असतात तिथे जुन्या फॉन्टची पंचाईत असते. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली अजून फिरतात. त्यांत वरून मराठी दिसतं आणि आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा असतो. पडद्यावर ‘अर्जाची अंतिम तारीख’ असेल, आणि माझ्या कानात स्लॅश, कंस, डॉलर. म्हणून मूळ फाइल मागा. युनिकोडमधली, शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण केलेली. सही-शिक्क्याची प्रत शेजारी ठेवा हवी तर.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘अ+’, ‘अ-’ आणि काळी-पिवळी पट्टी ही बटणं बसवली की काम झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. अधिकाऱ्यांना डेमो देताना तीच दाबून दाखवतात आणि खोलीतले सगळे समाधानाने माना हलवतात. ज्याला अक्षर मोठं हवं त्याच्या ब्राउझरमध्ये ती सोय आधीच असते. पान मोठं केल्यावर मजकूर एकमेकांवर चढत नाही ना, ते तुम्ही बघा. तसंच तपासणीच्या आयत्या टूलचं. चित्राचं वर्णन आहे का, एवढंच ते बघतं. वर्णनाच्या जागी ‘इमेज वन’ असेल तरी ते हिरवी खूण करतं. वर्णनात काय आहे, ते माणसानेच ऐकावं लागतं.

आणि मी आंधळा म्हणून माझंच रडगाणं गातोय असं नको व्हायला. आमच्या कट्ट्यावर एक मित्र येतो, त्याला ऐकू येत नाही. कुठल्याही पोर्टलवर अडला की खाली एकच ओळ असते, ‘अडचण आल्यास या क्रमांकावर संपर्क साधा’. तो तो क्रमांक माझ्याकडे घेऊन येतो, मी फोन लावतो आणि पलीकडचं उत्तर फोनवर टाइप करून त्याला दाखवतो. आम्ही दोघं मिळून एक तक्रार नोंदवतो. माहितीच्या व्हिडिओंना खाली अक्षरं नसतात, त्यामुळे ते त्याच्यासाठी मुकेच. ज्यांचे हात थरथरतात त्यांना छोट्या छोट्या चौकटींवर नेमकं टिचकी मारता येत नाही. कुष्ठरोगाने ज्यांची बोटं झिजली त्यांच्याकडे ठसा मागणारं यंत्र पाच वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ हेच वाक्य म्हणतं. तुझ्या मामीला मोतीबिंदू झाला तेव्हा पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तिला दिसेनात. मजकूर आणि मागचा रंग यांत निदान साडेचारास एक एवढा उठाव हवा, असं मानकात आहे. ऑपरेशन होईपर्यंत घरातला सगळा ऑनलाइन कारभार मी पाहिला, हे ती अजून लोकांना सांगते.

सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा दुसरा एक निकाल तुझ्या टीमला जरूर वाचायला दे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या. ओळख पटवताना ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात जळाल्या त्यांनी काय करायचं? ज्याला कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही त्याने कुणाकडे बघायचं? न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा संविधानाच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. त्यांत उघडझापेला पर्याय द्या हे आहे, ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या हे आहे. आणि ॲप किंवा संकेतस्थळ तयार होत असताना स्वीकृतीच्या चाचणीतच दृष्टिहीन माणसांना सामील करून घेण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे तुझं जे खातं आहे ना, टेस्टिंगचं, त्याचाच.

आता त्या ‘फेज टू’कडे येतो. आपलं गावचं घर बांधलं तेव्हा आजोबा मोरीत नळ घ्यायला विसरले. गिलावा झाला, चुना झाला, आणि मग आजी म्हणाली पाणी कुठून येणार. भिंत फोडली, नळ घातला. ती जागा शेवटपर्यंत ओल धरून होती. मी लहानपणी त्या भिंतीवरून हात फिरवत मोरीत जायचो आणि ओल लागली की कळायचं, आलो. रकान्याला नाव, पानाला भाषा, टॅबचा क्रम, हे नळ आहेत. गिलाव्याआधी घातले तर त्यांचा वेगळा खर्च असा दिसतसुद्धा नाही. नंतर घालायचे तर नवी निविदा, नवा कार्यादेश, आणि तोवर तुमची टीम दुसऱ्या कामावर गेलेली. दुसरा टप्पा आलेला मी अजून पाहिलेला नाही. आलाच तर तोवर अर्जाची मुदत गेलेली असते. पहिल्या टप्प्यात शेजारच्या घरातल्या माणसाने अर्ज भरून पैसे घेतलेले असतात, आणि मी दुकानाच्या रांगेत.

तुला एकटीला लढायला सांगत नाही. नोकरी नवी आहे, हे मला कळतं. एवढंच कर. निविदेचा कागद मागून घे आणि त्यात ‘मार्गदर्शक तत्त्वांनुसार’ किंवा ‘आयएस 17802’ हे शब्द कुठे आहेत ते शोध. मानकाचं नाव पुष्कळदा कराराच्या मागच्या पानांत गुपचूप बसलेलं असतं. सापडलं तर ते काम पहिल्या टप्प्याचंच आहे, आणि तसं न करता दिलं तर कराराप्रमाणे ते अपुरं आहे. तुझ्या अहवालात बिननावाचा रकाना हा ‘सूचना’ या खान्यात लिहू नकोस, ‘दोष’ म्हणून लिही, पैसे भरण्याचं बटण चालत नसतं तर लिहिला असतास त्याच गंभीरतेने. आणि तपासताना माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेव. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, तो उतरवून घे, पडदा बंद कर आणि आपलाच अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत भर. पहिल्या दिवशी रडू येईल. माझाही पहिला आठवडा तसाच गेला होता.

तू पाठवलेली चाचणीची लिंक आज सकाळी उघडली. पानाला भाषेची खूण आहे, मराठी आवाजच आला. कुणीतरी ते केलंय, त्याला किंवा तिला माझा नमस्कार सांग. नाव आणि मोबाइल हे दोन रकाने नीट बोलतात. वॉर्डची यादी उघडते, पण खाली जाताना वॉर्डांची नावं न सांगता नुसते आकडे म्हणते. मी अंदाजाने सात निवडला आहे. त्यानंतर ‘पुढे जा’ असं बटण असणार, असं मामी पडद्याकडे बघून म्हणते आहे, हिरव्या रंगाचं. टॅबने मी तिथून चार वेळा गेलो, मला ते सापडलं नाही. ती दाबून देते म्हणाली, मी नको म्हटलं. पान तसंच उघडं ठेवलं आहे. रविवारी आलीस की तिथूनच सुरू करू.

तुझा,
मामा